कसब आणि हक्क : पालवणकर बाळू यांचे चरित्र



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने उभे राहावे आणि क्रिकेटवर बोलावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आमच्यासारख्यांकडून बोनस, महागाईभत्ता आणि किमान वेतन यांवरची भाषणे ऐकण्याची लोकांना सवय असते. पण ज्या माणसाचे चरित्र मी आज सांगणार आहे तो मुळात कामगारच होता. तो मैदान झाडी, रोलर ओढी, जाळ्या ठोकी, चुन्याच्या रेघा मारी आणि महिनाअखेर चार रुपये पगार घेई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातला सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाज म्हणून ज्याचे नाव झाले, तो हाच माणूस. त्याचे नाव पालवणकर बाळू. इंग्रजी धावफलकावर ते ‘पी. बाळू’ असे लागत असे.

बाळू चर्मकार समाजातले. त्यांच्या काळी त्या समाजाला अस्पृश्य मानीत. त्यांची गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते : एक गरीब मुलगा होता, त्याच्या अंगी गुण होते, त्या गुणांनी त्याने जग जिंकले आणि जातिभेदाची भिंत आपोआप कोसळली. ही गोष्ट ऐकायला गोड आहे. परंतु ती अर्धीच खरी आहे. गुणांनी काय मिळाले, कुठवर मिळाले, आणि जे गुणांनी मिळाले नाही ते पुढे कशाने मिळाले, याचा हिशेब आज मला आपल्यापुढे मांडायचा आहे.

प्रथम त्या काळच्या क्रिकेटची थोडी कल्पना द्यायला हवी. इंग्रजांनी हा खेळ येथे आणला तो स्वतःच्या करमणुकीसाठी. नेटिवांना शिकवावा असा त्यांचा हेतू नव्हता. मुंबईच्या पारशांनी तो पाहून पाहून उचलला आणि १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. १८८६ साली पारशी संघ विलायतेस जाऊन आला. १८९० च्या जानेवारीत वर्नन यांच्या इंग्रज संघाला त्यांनी मुंबईत हरवलेही. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी हे प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले. पारशांचे पाहून हिंदू पुढे सरसावले, हिंदूंचे पाहून मुसलमान. मुंबईच्या समुद्रकाठी प्रत्येकाचा निराळा जिमखाना झाला : पारशांचा १८८५ मध्ये, मुसलमानांचा १८९२ मध्ये आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ मध्ये. गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना त्याआधीच, १८७५ पासून, होता.

म्हणजे खेळ एकच असला तरी त्याची व्यवस्था धर्मवार होती. आणि धर्मवार म्हटले की प्रश्न उभा राहतो, हिंदू म्हणजे कोण? देवळाच्या दारात आणि पाणवठ्यावर ज्याला हिंदू म्हणून जागा नव्हती, त्याला हिंदूंच्या संघात जागा आहे की नाही? पालवणकर बाळू यांच्या डाव्या हाताने हा प्रश्न विचारला, आणि तो टाळता येईना.

पालवणकर हे घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. परंतु ते वाढले पुण्यात, कारण त्यांच्या वडिलांची नोकरी लष्करात होती. त्या काळी दलित समाजातील कितीतरी घरांना लष्कराने भाकरी दिली आणि थोडीफार अक्षरओळखही दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडीलही लष्करातच सुभेदार होते, हे आपल्याला ठाऊक आहे. छावणीच्या आसऱ्याने वाढणाऱ्या मुलांना गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू मिळत. त्यांवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. त्यांच्या पाठचे गणपत आणि विठ्ठल हेही पुढे नामांकित खेळाडू झाले. एका घरातले चार भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

घरची स्थिती अशी की शाळा पुरी होणे शक्यच नव्हते. बाळू पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात कामाला लागले. काम काय, तर खेळपट्टी झाडणे व रोलर फिरवणे. पगार महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चार चेंडू टाकायचे. पुढे, १८९२ च्या सुमारास, ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार एक रुपयाने वाढला आणि कामेही वाढली. रोलर ओढायचा, जाळ्या उभारायच्या, खेळपट्टी आखायची आणि जरूर पडल्यास टेनिसच्या मैदानाच्या रेघाही मारायच्या. एका गोऱ्या सभासदाने या पोऱ्याला गोलंदाजी करायला सांगितले, आणि पाहता पाहता साऱ्या क्लबाला त्याची गरज भासू लागली.

त्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे एक फलंदाज होते. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांत त्यांची गणना पहिल्या रांगेत होई. विलायतेत ते हॅम्पशायरकडून खेळले आणि उतारवयात कॅथलिक धर्मगुरू झाले. हे गृहस्थ इतरांच्या आधी मैदानावर येत आणि एकट्या बाळूंसमोर सराव करीत. असे सांगतात की, बाळूंनी त्यांना एकदा बाद केले की ते आठ आणे बक्षीस देत. कामगार संघटनेत आयुष्य गेल्यामुळे मला इथे हिशेब केल्यावाचून राहवत नाही. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. आठ वेळा ग्रेग बाद झाले की दुसरा पगार हातात! आजच्या भाषेत याला आपण उत्पादन-बोनस म्हणू. मजुरी ठरलेली आणि कसबाचा दर वेगळा. ग्रेग यांची फलंदाजी त्यामुळे सुधारली आणि बाळूंची गोलंदाजीही. पण त्याच क्लबात शेकडो तास चेंडू टाकूनही बाळूंना हाती बॅट मात्र कधी मिळाली नाही. फलंदाजी साहेबाची आणि गोलंदाजी नोकराची, अशी ती वाटणी होती. घाम गाळणाऱ्याने चेंडू टाकायचा आणि मालकाने तो टोलवायचा!

आता त्यांच्या कसबाविषयी. आपल्यातील भगिनींनी व ज्येष्ठांनी कदाचित हा खेळ बारकाईने पाहिला नसेल, म्हणून दोन शब्द अधिक सांगतो. बाळू डाव्या हाताने मंदगती गोलंदाजी करीत. असा गोलंदाज बोटांनी चेंडूला पीळ देतो. टप्पा पडल्यावर तो चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाच्या अंगाकडून बाहेर वळतो. फलंदाज पुढे सरसावला आणि चकला की यष्टिरक्षक बेल्स उडवतो. मागे राहिला तर बॅटीची कड घेऊन चेंडू झेलाला जातो. पण नुसते वळवून भागत नाही. एकच चेंडू सारखा वळू लागला की शहाणा फलंदाज त्याला ओळखतो. म्हणून चेंडू कधी उंच द्यायचा, कधी आखूड, कधी किंचित वेगात आणि कधी मुळीच न वळणारा सरळ, आणि हे सर्व करताना हाताची लकब तीच ठेवायची. यालाच कसब म्हणतात. बाळू यांत तरबेज होते, आणि दिवसभर न थकता टप्पा अचूक राखण्याची ताकद त्यांच्या खांद्यात होती.

ही ताकद आणि ही नजर कुठून आली? मला वाटते, रोलरपासून. खेळपट्टी कुठे ओली आहे, कुठे भेगाळली आहे, सकाळी ती कशी वागते आणि उन्हे चढल्यावर कशी, हे ज्याने वर्षानुवर्षे ती झाडली आणि दाबली त्याला जितके कळेल तितके सभासदाला कसे कळणार? यंत्राचा आवाज ऐकून त्याचे दुखणे ओळखणारा फिटर आपल्या अंबरनाथच्या कारखान्यांत आजही भेटतो. इंजिनियर कागद पाहतो आणि फिटर कान देतो. बाळूंचे शिक्षण त्या जातीचे होते.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांशी सामना खेळायचा होता, आणि उत्तम हिंदू गोलंदाज तर गोऱ्यांच्याच क्लबात चार रुपयांवर राबत होता. त्याला घ्यावे की न घ्यावे, यावर संघात दोन तट पडले. तेलुगू सभासद अनुकूल होते, पुणेरी ब्राह्मण सभासद कचरत होते. शेवटी ग्रेग यांनीच वर्तमानपत्रातून बजावले की, असा गोलंदाज असून न घेणे हा मूर्खपणा होईल. विजयाची हाव आणि सोवळे यांच्या ओढाताणीत हावेचा जय झाला. बाळूंना घेतले.

पण कसे घेतले ते पाहा. मैदानावर ते सर्वांबरोबर, सर्वांचा तोच चेंडू हाताळीत. खेळ थांबला की इतर खेळाडू आत चहा पीत आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यातून, की जे मागाहून फोडून टाकता येईल. जेवणाचे पान निराळे. तोंड धुवायचे झाले तर अस्पृश्य गड्यानेच पाणी आणून घालायचे. श्रोतेहो, क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो! ज्या चामड्यामुळे बाळूंची जात अस्पृश्य ठरली, तेच चामडे दिवसभर सोवळ्या हातांतून फिरत होते, त्याला अंगावर पुसून चकाकी आणली जात होती, आणि त्याचा विटाळ कोणाला होत नव्हता. विटाळ फक्त माणसाचा होत होता.

या संघाने बाळूंच्या जोरावर गोऱ्यांना नमवले. साताऱ्यास तर गोऱ्या जिमखान्याने बाळूंची फिरकी बोथट करण्यासाठी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी पाटासारखी सपाट करून ठेवली होती, असे सांगतात. तरी त्यांनी सात गडी बाद केले. रोलरच्या करामती रोलरवाल्याला कोण शिकवणार! पुण्यास परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सभेत बाळूंचा गौरव केला, आणि ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर जेवायला हरकत कसली, असा सरळ सवाल टाकला. लोकमान्य टिळकांनीही त्यांची प्रशंसा केली. पुण्याच्या राजकारणात ही दोन नावे कशी उभी राहत ते आपण जाणता. दोघांनी एकाच माणसाला मान द्यावा, ही त्या डाव्या हाताची करामत.

एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा बाळू मुंबईस आले. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, आणि पुण्याहून मुंबईस येणारा माणूस आपल्या बदलापूर-अंबरनाथवरूनच पुढे कल्याणला जाऊ लागला. बाळूही पोट भरण्यासाठी मुंबईला गेले. काही काळ ते लष्करात होते, मग बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरीस लागले आणि रेल्वेच्या संघातून खेळू लागले. कंपनीने खेळाडूला नोकरी द्यावी आणि त्याच्याकडून नोकरी व खेळ दोन्ही करून घ्यावे, ही मुंबईच्या क्रिकेटची पुढे रूढ झालेली रीत. बाळू तिच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक.

हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशाला काही सभासदांनी विरोध केला. पण कप्तान कीर्तिकर यांनी बाळूंची बाजू घेतली आणि ते संघात आले. मग आला १९०६ चा फेब्रुवारी. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. गोऱ्यांचा डाव १९१ वर आटोपला. हिंदूंचा दुसरा डाव १६० चा, आणि गोरे दुसऱ्या डावात सर्वबाद १०२! हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्यात पाच, असे आठ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने देश तापला होता; सत्ताधाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद किती झाला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पुढच्या वर्षी हिंदूंनी पुन्हा तोच पराक्रम केला.

याच विजयानंतर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकांच्या पत्राने एका गोष्टीकडे लक्ष वेधले. पुण्यास ज्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळाला, त्यांच्याशी मुंबईच्या हिंदू खेळाडूंनी एका पंक्तीत जेवण घेतले होते. दहा-बारा वर्षांत बाहेरचा माणूस आत आला. हे अंतर लहान नव्हे. ते कमी झाले ते कसबामुळे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. कोणत्याही ठरावाने आणि भाषणाने जे सहज साधले नसते ते आठ बळींनी साधले.

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेस गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. संघात पारशी, हिंदू, मुसलमान आणि शीख होते, आणि बाळू व शिवराम हे दोघे भाऊ होते. महाराजांना लंडनचे समारंभ अधिक महत्त्वाचे असल्यामुळे ते थोडेच सामने खेळले आणि संघातील एक उत्तम फलंदाज, त्यांचे चिटणीस केकी मिस्त्री, तेही त्यांच्याबरोबर गेले. संघ २३ सामने खेळला. १५ हरला, ६ जिंकला, २ अनिर्णित राहिले. या पडझडीत एकटे बाळू उभे राहिले. त्यांनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. लीस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी घेऊन संघाला विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद शतक ठोकून एका गड्याने सामना जिंकून दिला. त्या वेळी बाळूंचे वय पस्तिशीच्या पुढे आणि खांदा दुखरा. त्यांच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षण करीत होते मद्रासचे शेषाचारी. चर्मकाराने टाकलेला चेंडू ब्राह्मणाने पकडावा आणि साहेबाला बाद करावे, असे दृश्य इंग्लंडच्या मैदानांनी त्या उन्हाळ्यात पाहिले.

आज जागतिक क्रिकेटचे आकडे आपल्या तोंडावर असतात. बाळूंच्या प्रथम श्रेणीच्या साऱ्या कारकिर्दीत ३३ सामने आणि १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. त्या काळी असे सामने वर्षाकाठी एखाद-दुसरे होत आणि त्यांची उमेदीची कितीतरी वर्षे जाळीतच गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते. विलायतेच्या प्रख्यात डावखुऱ्या गोलंदाजाशी तुलना करून त्यांना ‘हिंदुस्थानचे ऱ्होड्स’ म्हणत.

विलायतेहून परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र लिहिणारा तरुण तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. सोळा वर्षांनी महाडच्या तळ्यावर उभा राहून ज्याने पाण्याचा हक्क मागितला, त्याच्या विद्यार्थिदशेतला वीरपुरुष हा गोलंदाज होता. आपल्या माणसाने जगाच्या मैदानावर बरोबरी सिद्ध केली, हे एका पिढीने पाहिले आणि तिचा कणा ताठ झाला. हे काम बाळूंच्या हातून झाले, आणि ते कोणत्याही बळीपेक्षा मोठे आहे.

आता मी त्या हिशेबाकडे वळतो. पंक्तीत पान मिळाले, विलायत मिळाली, मानपत्र मिळाले. राहिले एकच, कर्णधारपद. संघातले सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू. परंतु ते पद त्यांना दिले गेले नाही. १९१३ साली मुकुंद पै कर्णधार झाले. ते इतके सरळ की सत्काराच्या सभेतच त्यांनी सांगून टाकले, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी अशा बाळूंचा आहे. तरीही नेमणूक करणाऱ्यांचे मन बदलले नाही. चेंडू टाकण्याचे काम चर्मकाराला देता येते. पण कोण कुठे उभा राहील हे त्याने उच्चवर्णीयांना सांगावे, म्हणजे आज्ञा द्यावी, हे पचत नव्हते. कारखान्यात काय निराळे असते? उत्तम कारागीर म्हणून पाठीवर थाप पडते, पण मुकादम नेमायची वेळ आली की साहेबाला दुसराच माणूस आठवतो.

बाळूंनी हे सारे शांतपणे सोसले. चाळीशी उलटली तरी ते टाकीत राहिले. आणि मग १९२० साल उजाडले. या सालाचे महत्त्व कामगारांना सांगायला नको. त्या वर्षाच्या आरंभी मुंबईच्या गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला आणि ३१ ऑक्टोबरला मुंबईतच लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. त्याच वर्षाच्या ३१ जानेवारीस आंबेडकरांचे ‘मूकनायक’ सुरू झाले. देशात खाली मान घालून काम करणारी माणसे मान वर करून बोलू लागली होती.

त्याच वर्षी चौरंगी सामन्यांच्या वेळी हिंदू संघात कर्णधारपदाचा वाद उठला. बाळूंना संघातून वगळले होते. पै आजारी पडले, आणि हक्काने पुढे असलेल्या विठ्ठलला डावलून दुसऱ्याची नेमणूक झाली. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायला नकार दिला आणि आपण का खेळत नाही हे जाहीर निवेदनाने लोकांपुढे मांडले. आमच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी काम बंद केले. दोनच माणसांचा तो संप. पण त्याचा परिणाम पाहा. पुढच्या सामन्याला भाऊ परत आले, बाळूंना संघात घेतले गेले आणि उपकर्णधार करण्यात आले. पै यांनी खेळ चालू असता काही वेळ मुद्दाम मैदान सोडले आणि तेवढा वेळ हिंदूंच्या संघाची सूत्रे बाळूंच्या हाती राहिली. वीस-पंचवीस वर्षांच्या कसबाने जे दिले नाही ते एका नकाराने दिले. आणि १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे पूर्ण कर्णधार झाले, संघ जिंकला, आणि त्यांना खांद्यावर उचलून घेणाऱ्यांत उच्चवर्णीयही होते. विठ्ठलरावांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. आपल्या गावोगावच्या ग्रंथालयांनी ते मिळवून ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

बाळूंच्या आयुष्याचा शेवटचा भाग राजकारणाचा. तो सांगताना काहींची मने दुखावतील. पण चरित्र सांगायचे तर पुरे सांगावे. १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला. त्या वाटाघाटींत एम. सी. राजा यांच्याबरोबर बाळूही होते. स्वतंत्र मतदारसंघाऐवजी संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उभे केले, आणि तेही खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध. डॉक्टरांनी आदल्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. गिरणगावातल्या चाळीचाळींत एका बाजूस लहानपणापासून ज्याचा अभिमान बाळगला तो गोलंदाज आणि दुसऱ्या बाजूस ज्याने बोलायला शिकवले तो नेता, असा पेच लोकांना पडला. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक अवघा २,०२०.

मी या निवडणुकीकडे दोन माणसांची लढत म्हणून पाहत नाही. ते दोन मार्ग होते. बाळूंचा अनुभव त्यांना सांगत होता की, आपण आपले काम उत्तम करावे, समोरच्याचे मन जिंकावे, म्हणजे दार उघडते. त्यांच्यासाठी ते उघडलेही होते. डॉक्टरांचे म्हणणे असे की, ज्याच्या हाती ऱ्होड्ससारखी फिरकी नाही त्याने काय करायचे? रस्ता झाडणाऱ्याने, गिरणीतल्या बदली कामगाराने, खेड्यातल्या वेठबिगाऱ्याने ग्रेग साहेबाला कितीदा बाद करावे म्हणजे त्याला पेल्यातून चहा मिळेल? माणुसकी ही बक्षीस म्हणून मिळायची वस्तू नाही. ती हक्क म्हणून मिळाली पाहिजे, म्हणजे मग गुणवान आणि सामान्य दोघांनाही मिळते. मते थोड्या फरकाने का होईना या दुसऱ्या मार्गाला पडली, हे मला योग्य वाटते. त्यात बाळूंचा अवमान नाही. ते नसते तर पहिले दार किती काळ बंद राहिले असते, कोण जाणे.

धर्मवार सामने १९४६ पर्यंत चालले आणि मग बंद पडले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. तोवर स्वतंत्र देशाच्या घटनेने अस्पृश्यता गुन्हा ठरवली होती, आणि ती घटना लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते त्यांचे जुने मानपत्रकार. प्रभादेवीच्या बाजूस, जिथे एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथे एका रस्त्याला पी. बाळू मार्ग असे नाव आहे.

श्रोतेहो, ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. आपल्या तीन गावांकडे पाहा. उल्हासनगर फाळणीत घरे गमावलेल्या माणसांनी छावणीतून वसवले. अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्याने आणि १९५३ साली उभ्या राहिलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्याने कुठकुठली माणसे एका पाळीत उभी केली. बदलापुरात आज हजारो माणसे पहाटेच्या लोकलने मुंबईस कामाला जातात. इथे कोण कुठला, असे सहसा कोणी विचारीत नाही, आणि ते आपले भूषण आहे. परंतु या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी पाहिले की, कायम कामगारांची कँटीन आत आहे आणि कंत्राटी कामगार, जे त्याच यंत्रावर तेच काम करतात, ते फाटकाबाहेर टपरीवर चहा पितात. भांडे मातीचे नाही, कागदी कप आहे. पण तोही पिऊन झाल्यावर फेकूनच देतात. त्यांच्यातही कसबी माणसे आहेत. त्यांच्या कसबाचे कौतुक साहेब करतात. कौतुकाने कँटीनचे दार उघडलेले नाही. ते उघडेल तेव्हा कायम कामगार त्यांच्या बाजूने उभे राहिलेले असतील, जसे एक दिवस विठ्ठल आणि शिवराम भावाच्या आणि स्वतःच्या मानासाठी उभे राहिले, आणि मुकुंद पै मैदान सोडून बाजूला झाले.

मुकुंद पै यांचे नाव मी पुन्हा घेतले ते मुद्दाम. ज्याला हक्क मिळाला नाही त्याने नकार द्यावा हे खरे. पण ज्याच्याकडे ती जागा आहे त्याने थोडा वेळ बाजूला व्हावे, हेही तितकेच जरुरीचे असते. आपल्यापैकी प्रत्येकजण कुठे ना कुठे पै यांच्या जागी उभा असतो. घरात, कचेरीत, सोसायटीत, संघटनेतसुद्धा. तिथे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.